पायाखालचा पाट

मराठी घरात पगार विचारला तर माणूस विषय बदलतो. पण 'पोट साफ झालं का?' हा प्रश्न बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांदेखत, पोह्यांच्या बशीवरून खुशाल विचारता येतो आणि त्याला तपशीलवार उत्तर द्यावं लागतं. उत्तर 'नाही' असेल तर संपलंच. समोरचा कारकून असो की कंत्राटदार, त्या क्षणी त्याच्यात वैद्य संचारतो.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत मी एकदा लिफ्टमध्ये 'जरा पोट जड आहे' एवढंच बोललो. दुसऱ्या मजल्यापर्यंत एरंडेल झालं, चौथ्यापर्यंत त्रिफळा, आणि सातव्यावर दार उघडताना वरचे काका म्हणाले, "रात्री कोमट दुधात दोन चमचे तूप घ्या. सकाळी माझं नाव काढाल." कोणाचं नाव कुठे बसून काढावं याला काही मर्यादा असतात, पण काकांचा चेहरा इतका प्रेमळ होता की मी मान डोलावली.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर एक तक्ता होता. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला, मलाच्या सात प्रकारांचा, चित्रांसकट. पहिला प्रकार म्हणजे सुटे टणक खडे, सातवा म्हणजे नुसतं पाणी. तिसरा किंवा चौथा आला की माणूस पास. "कितवा?" डॉक्टरांनी पेन न उचलता विचारलं. "दुसरा," मी हळूच म्हणालो. जन्मात पहिल्यांदाच दुसरा आलो आणि पेढे वाटायची सोय नाही.

रोज सकाळी झालंच पाहिजे असा काही नियम नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई सोबत होती, हे माझं दुर्दैव. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही चालतं म्हणे. त्रास न होता, कुंथावं न लागता झालं आणि कोठा मोकळा वाटला की पुरे. आई ताडकन म्हणाली, "आठवड्यातून तीनदा? तो काय महापालिकेचा पाणीपुरवठा आहे?" डॉक्टर गप्प बसले. एमडी झालेल्या माणसालाही काही रुग्णांच्या आयांपुढे इलाज नसतो.

आतली यंत्रणा मात्र मोठी समंजस आहे. मोठं आतडं सुमारे पाच फुटांचं. आलेल्या ऐवजातलं पाणी शोषून घ्यायचं, हे त्याचं काम, आणि ते कधी रजा घेत नाही. माल जितका जास्त वेळ पडून राहील तितका कोरडा होणार. सकाळी उठून चहा-नाश्ता पोटात पडला की आतडं जोरात हलतं आणि खाली निरोप धाडतं. नेमक्या त्याच वेळी मुंबईकराची आठ बाराची फास्ट लोकल असते. कळ म्हणते चल, घड्याळ म्हणतं पळ. आपण घड्याळाचं ऐकतो. कळ दोनदा येते, तिसऱ्यांदा येत नाही. तिचाही काही स्वाभिमान आहे. मग संध्याकाळी आपण घरी येऊन, पूर्ण फुरसतीत, पेपर घेऊन तिची वाट बघत बसतो. हल्ली पेपरऐवजी मोबाइल असतो आणि माणूस पाय बधिर होईपर्यंत आत राहतो. त्यातून बातम्या कळतात आणि मूळव्याधीला आमंत्रण जातं. बाकी काही होत नाही.

आहाराच्या बाबतीत आपला सर्वांत मोठा विनोद म्हणजे उपास. एकादशीला पोटाला आराम द्यायचा म्हणून आपण साबुदाण्याची खिचडी खातो, वर बटाट्याचा कीस, आणि दुपारी साबुदाणा वडे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात चोथा नावालासुद्धा नाही. द्वादशीच्या सकाळी पांडुरंगाचं नाव घराघरांतल्या बंद दारांमागून इतक्या कळवळून घेतलं जातं, त्याचं कारण हे. मोठ्या माणसाला दिवसाकाठी पंचवीस-तीस ग्रॅम तरी चोथा लागतो. तो ज्वारीच्या भाकरीत, मटकीच्या उसळीत, पालेभाजीत आणि सालासकट खाल्लेल्या पेरूत असतो. ताटात पालेभाजी डावीकडे चमचाभर वाढायची आणि मग चूर्णाच्या जाहिराती वाचायच्या, हा आपला खाक्या.

इसबगोलाचं तेच. उत्तर गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून हा भुसा जगभर जातो आणि काम चोख करतो, पण त्याला पाणी लागतं, भरपूर. आमच्या ऑफिसातले एक साहेब चमचाभर भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पीत आणि गुण येत नाही म्हणून कंपनीला शिव्या देत. तो भुसा पाणी पिऊन फुगतो. पाणीच दिलं नाही तर आतच ठाण मांडून बसतो. सोनामुखीच्या चूर्णाचा गुण रातोरात येतो, म्हणून लोक तेच वर्षानुवर्षं डॉक्टरांना न विचारता घेत राहतात. सोनामुखी हे झाडपाल्याचं असलं तरी औषधच आहे, हे त्यांना कोणी सांगावं?

या दुखण्याने थोर माणसांनाही सोडलेलं नाही. गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच्या बद्धकोष्ठाबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना सकाळची न्याहारी सोडली, तेव्हा डोकेदुखी गेली, बद्धकोष्ठ राहिलं. कटिस्नानाने थोडा आराम पडला. मग एका जर्मन लेखकाचं पुस्तक वाचून झोपताना पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधली आणि गुण आला. आईला गांधीजी शंभर टक्के मान्य आहेत, पण "चादरी कोण धुणार?" या प्रश्नावर तो प्रयोग आमच्या घरी बारगळला.

२०१५ साली आलेल्या 'पिकू'त अमिताभ बच्चनचा भास्कर बॅनर्जी गाडीच्या टपावर शौचाची खुर्ची बांधून दिल्लीहून कोलकात्याला निघतो. लोक हसून लोटपोट झाले. पण त्याच सिनेमात इरफान त्याला उकिडवं बसायचं महत्त्व चित्र काढून समजावतो, ते निव्वळ शरीरशास्त्र आहे. गुदाशयाभोवती एका स्नायूचा पट्टा असतो. आपण उभे किंवा खुर्चीत असताना तो वाट वाकडी करून धरतो, म्हणून तर इज्जत राहते. उकिडवं बसलं की पट्टा सैल होतो, वाट सरळ होते. आपल्या आज्या-पणज्या हे जाणून होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे दुसरी सोय नव्हती. आपण फ्लॅट घेताना बिल्डरला जादा पैसे मोजून कमोड बसवला आणि वाट पुन्हा वाकडी केली.

डॉक्टर म्हणाले, कमोडवर बसताना पायाखाली काहीतरी घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. घरात त्या उंचीचं एकच काहीतरी होतं: माळ्यावरचा पाट. सागवानी, पितळी फुल्यांचा, ज्यावर माझ्या मुंजीत मला बसवलं होतं. तो घेऊन मी आत शिरणार इतक्यात आईने बघितलं.

"अरे, तो पाट आहे!"

"हो, पायाखाली घ्यायचाय."

"पाय? पाटावर? संडासात?" तिने भिंतीला हात टेकला. "तुझ्या आजोबांनी पंगतीला घेतलेला पाट तो. त्यावर अन्नाचं ताट ठेवलंय रे!"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, शेवटी त्याच अन्नाची पुढची व्यवस्था आहे ना?" त्यानंतर दोन्ही आघाड्यांवर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी स्टेशनाजवळून प्लास्टिकचा हिरवा बुटका स्टूल आणला. पाट पुन्हा माळ्यावर गेला. जाण्यापूर्वी आईने तो धुऊन घेतला, वापरलाच नव्हता तरी.

स्टुलाने काम केलं. नाश्त्यानंतर दहा मिनिटं, मोबाइल बाहेर, पाय स्टुलावर आणि लोकल आठ सव्वीसची. काकांना वाटतं तुपानेच झालं, आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही.

एवढं मात्र हसण्यावारी नेऊ नका. शौचातून रक्त पडत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, किंवा पन्नाशीनंतर जन्माची सवय एकाएकी बदलली असेल, तर सगळी चूर्णं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. जाताना चालू असलेल्या औषधांची यादी न्या: लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, रक्तदाबाच्या गोळ्या, खोकल्याची बाटलीसुद्धा. चोर पुष्कळदा त्या यादीतच सापडतो. पण सापडला तरी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना बदलून द्यायला सांगा.