फुले, १९६९?

महात्मा फुले गेले २८ नोव्हेंबर १८९० रोजी. मराठी प्रबंधांत मात्र त्यांची पुस्तकं १९६९ साली निघतात, १९९१ साली निघतात. कंसात ‘(फुले, १९६९)’ असतं आणि कंसामागचं पुस्तक असतं ‘गुलामगिरी’, जे १८७३चं आहे. १९६९ हे साल ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या खंडाचं. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी तो संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढला. विद्यार्थ्याच्या हाताशी तो खंड होता, त्यानं आतल्या पानावरचं साल उचललं. मार्गदर्शकांनी सही केली. परीक्षकांनी शेवटची पानं चाळली, नोंदी भरपूर आहेत हे पाहिलं आणि ‘संदर्भसूची समृद्ध’ असा शेरा मारला.

लेखक-साल पद्धतीचा सगळा जीव त्या सालात असतो. तळटीप शोधायला वाचकानं पानाच्या तळाशी जायचं नाही, पुस्तकाच्या शेवटी जायचं नाही. वाक्य वाचता वाचताच त्याला कळायला हवं की हे म्हणणं कोणाचं आणि कोणत्या काळातलं. पवाडा १८६९, ‘गुलामगिरी’ १८७३, ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या पश्चात १८९१. ही चार सालं ओळीनं दिसली की बावीस वर्षांचा वैचारिक प्रवास समोर उभा राहतो. आता हीच चार पुस्तकं समग्र वाङ्मयातून घ्या आणि संगणकाला चारही ठिकाणी १९६९ सांगा. एकाच लेखकाची एकाच सालातली पुस्तकं म्हणून तो त्यांना अक्षरांची शेपटं लावेल आणि क्रम ठरवेल शीर्षकाच्या पहिल्या अक्षरावरून. ‘गुलामगिरी’ पहिली, ‘छत्रपती शिवाजी राजे भोसले यांचा पवाडा’ दुसरा. चार वर्षं आधी लिहिलेला पवाडा मागे गेला. हा दोष यंत्राचा नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं.

उपाय एका ओळीचा आहे. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत संदर्भांसाठी बिबलॅटेक नावाचं पॅकेज आहे. त्यात छापील आवृत्तीच्या सालाचा एक रकाना असतो आणि मूळ प्रकाशनाच्या सालाचा वेगळा, ‘ओरिजडेट’. दोन्ही भरा आणि शैली एपीए या नियमावलीची निवडा. कंसात ‘(फुले, १८७३/१९६९)’ असं उतरतं. एका तिरप्या रेघेत लेखकाचा काळ आणि तुमच्या हातातली प्रत दोन्ही येतात. बिबलॅटेकची साधी लेखक-साल शैली मूळ साल कंसात आपणहून दाखवत नाही, म्हणून शैली निवडताना हे तपासायचं.

दोन्ही सालं का हवीत, नुसतं मूळ साल का पुरत नाही, असं कोणी विचारेल. ज्ञानेश्वरी घ्या. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० हे साल सगळ्यांना पाठ आहे. पण ‘(ज्ञानेश्वर, १२९०)’ असं लिहिलं तर ओवी राजवाडे प्रतीतली की साखरे प्रतीतली, हे कसं कळणार? पाठभेद आहेत आणि त्यांवर अभ्यासकांचे वाद झाले आहेत. फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचीही पुढे १९९१ साली य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती निघाली. पहिल्या खंडाचा पृष्ठांक दुसऱ्यात शोधत बसलं तर हाती काही लागेलच असं नाही.

लाटेक ही प्रणाली कुठून आली ते थोडक्यात सांगतो. डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची जुळणी इतकी खटकली की त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतः लिहायला घेतला. तो ‘टेक’. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभारलं आणि १९८५च्या सुमारास ओरेन पटाश्निक यांनी संदर्भांसाठी बिबटेक लिहिलं. कल्पना एकच आणि ती अजून टिकून आहे: पुस्तकाची माहिती एका फाइलीत एकदाच नोंदवायची, आणि ती कंसात कशी दिसेल, सूचीत कशी दिसेल हे शैलीच्या फाइलीवर सोडायचं. मजकुरात फक्त खूण टाकायची. नॅटबिब या पॅकेजमध्ये ‘साइट-टी’ लिहिलं की ‘फुले (१८७३)’ असं वाक्यात मिसळून येतं, ‘साइट-पी’ लिहिलं की सगळं कंसात जातं. ज्या पुस्तकाची खूण मजकुरात नाही ते सूचीत येत नाही. न वाचलेल्या पुस्तकांनी सूची फुगवायची असेल तर ‘नोसाइट’ अशी वेगळी आज्ञा स्वतःच्या हातानं लिहावी लागते. मला ही व्यवस्था याच कारणासाठी फार मोलाची वाटते.

आता नावांकडे येऊ. खरी पडझड इथे आहे.

बिबटेक आणि त्यानंतरचा, बिबलॅटेकसाठी काम करणारा बीबर हा प्रोग्रॅम, दोघांचेही नाव वाचण्याचे नियम ठरलेले आहेत. नावात स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव. एक स्वल्पविराम असेल तर त्याच्या आधीचं आडनाव. दोन असतील तर मधला तुकडा म्हणजे इंग्रजी नावांमागे लागतो तसा ‘ज्युनियर’. आणि दोन माणसांमध्ये इंग्रजी ‘अँड’च लागतो, नोंद मराठी असली तरी फाइलीत तोच शब्द लिहायचा, छापताना त्याचं ‘आणि’ होतं. हे न वाचता कोणी संपादकांच्या रकान्यात ‘कीर, धनंजय आणि मालशे, स. गं.’ असं सरळ मराठी लिहिलं तर यंत्र काय समजतं? माणूस एक. आडनाव कीर. नावाची आद्याक्षरं स. गं. आणि नावामागची शेपूट ‘धनंजय आणि मालशे’. दोन संपादकांतून असा तिसराच इसम जन्माला येतो आणि सूचीत छापून निघतो.

‘तुकाराम महाराज’ असं लिहिलं तर आडनाव ‘महाराज’. तुकडोजी महाराजांचंही तेच. सगळे महाराज ‘म’खाली एकत्र येतात आणि मजकुरात कंसात नुसतं ‘महाराज’ आणि साल उरतं. मंडळाचं नाव लेखक म्हणून दिलं तर ‘मंडळ’ हे आडनाव आणि बाकीचं सगळं पाळण्यातलं नाव. ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ नावाच्या आधी ठेवले तर ते आद्याक्षरं म्हणून चिकटतात. या सगळ्यावर इलाज आहे महिरपी कंसांची आणखी एक जोडी: पूर्ण नाव त्यात बंद केलं की यंत्र त्याला हात लावत नाही. पदव्यांना संदर्भसूचीत जागाच नाही. त्या काढून टाका, मग त्या मार्गदर्शकांच्या का असेनात.

टोपणनावांची गोष्ट आणखी नाजूक. ‘कोंडुरा’ ही कादंबरी १९६६ची, लेखक चिं. त्र्यं. खानोलकर. ‘नक्षत्रांचे देणे’ हा कवितासंग्रह १९७५चा, कवी आरती प्रभू. माणूस एकच. माझं मत असं की पुस्तकावर जे नाव छापलं तेच कंसात यावं, कारण लेखकानं ते विचारपूर्वक निवडलेलं असतं. दोन नावांना जोडणारी ‘पाहा’ची एक ओळ सूचीत द्यावी. पण ‘आरती प्रभू’ला महिरपी कंसात ठेवायला विसरलात तर मजकुरात ‘(प्रभू, १९७५)’ येईल आणि वाचक प्रभू आडनावाचा कवी शोधत बसेल.

आद्याक्षरांचं काम यंत्राकडे देऊच नका. चिंतामणचं ‘चिं.’, त्र्यंबकचं ‘त्र्यं.’, श्रीपादचं ‘श्री.’ हे मराठी माणसाच्या कानाला ठाऊक आहे. जुन्या बिबटेकला देवनागरी अक्षर हे अक्षर म्हणून दिसतच नाही. ते बाइट मोजतं आणि ‘त्र्यंबक’चा पहिला बाइट तोडून देतं, ज्याचं कागदावर काहीच वाचता येत नाही. बीबर युनिकोड जाणतो, म्हणून देवनागरीत काम करायचं तर बिबलॅटेक आणि बीबर हीच जोडी घ्यावी. तरीही ‘त्र्यं.’ आपण स्वतः लिहिलेलं बरं.

अकारविल्ह्याबद्दलही बोललं पाहिजे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या जवळ, ‘व’च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या संकेतांकांनी क्रम लावला तर काळे कावळ्यांच्या आधी जातात. मराठी क्रमानं कावळे आधी, काळे नंतर. क्षीरसागर ‘क’मध्ये जाऊन बसतात. बीबरला क्रमासाठी मराठी भाषा सांगता येते आणि बिबलॅटेकमध्ये मराठीची फाइलही आहे. म्हणजे सोय झालेली आहे. ती वापरली जात नाही, कारण प्रबंध अजून युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत टाइप होतात, आणि त्या मजकुराला पडद्यावर मराठी दिसण्यापलीकडे काही अर्थ नसतो. तो शोधता येत नाही, क्रमानं लावता येत नाही, दुसऱ्या संगणकावर धड उघडत नाही.

जुन्या ग्रंथांवर शके असतात, त्यांचाही प्रश्न आहे. ७८ मिळवले की इसवी सन मिळतो हे खरं, पण शके १८२० हे १८९८च्या वसंतात सुरू होऊन १८९९मध्ये संपतं. महिना ठाऊक नसेल तर ‘१८९८–९९’ असंच लिहावं आणि पुस्तकावरचे शके टीप म्हणून नोंदीत ठेवावेत. एक साल ठोकून देऊ नये.

विद्यापीठांच्या नियमावल्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘संदर्भ हार्वर्ड पद्धतीनुसार द्यावेत.’ कोणत्या हार्वर्ड पद्धतीनुसार? त्या नावाची एकच अधिकृत नियमावली कुठेही नाही. पद्धतीचं श्रेय दिलं जातं हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांना, बिनशंखाच्या गोगलगाईवर त्यांनी १८८१ साली लिहिलेल्या निबंधातल्या कंसामुळे. पुढे ज्याला जसं सुचलं तसं त्यानं लिहिलं: कुठे साल कंसात, कुठे नाही, कुठे स्वल्पविराम, कुठे पूर्णविराम. शिकागो आणि एपीए यांच्या मात्र छापील नियमावल्या आहेत, आवृत्त्या आहेत. त्यांतली एक सांगा, आवृत्तीसकट सांगा. ‘हार्वर्ड’ म्हणून मोकळं होणं म्हणजे विद्यार्थ्याला काहीच न सांगणं, आणि मग तोंडी परीक्षेत स्वल्पविरामावरून त्याला झापणं हा अन्याय आहे.

तळटिपांतली ‘तत्रैव’ आणि ‘उ. नि.’ची पद्धत मानानं निरोप द्यावा अशी झाली आहे. खिळ्यांच्या छपाईत तिनं जागा वाचवली. आज प्रबंधाचे परिच्छेद वर-खाली हलतात. मधे एक नवा संदर्भ घुसला की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं आणि ते कोणाच्याही लक्षात येत नाही. लेखक-साल खूण परिच्छेदाबरोबर हलते.

तर मागणं असं. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एकत्र बसून बिबलॅटेकची एक मराठी लेखक-साल शैली ठरवावी: मूळ साल कंसात, ‘व इतर’ कधी लावायचं, शेपटं अ-आ-इ की क-ख-ग, शके कसे लिहायचे. हे काम एका उन्हाळी सुट्टीत होण्यासारखं आहे. फाइल सर्वांना मोफत द्यावी. प्रकाशकांनी पुनर्मुद्रणाच्या आतल्या पानावर पहिल्या आवृत्तीचं साल छापावं. कित्येक पुस्तकांवर ते सापडत नाही, आणि तिथूनच ‘फुले, १९६९’ची साखळी सुरू होते. आणि मार्गदर्शकांनो, पुढचा प्रबंध सहीला आला की संदर्भसूची आधी उघडा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुनर्मुद्रणाचं साल एकटंच दिसलं तर प्रबंध परत करा.