चाकाखालचं लिंबू

वणीत यॉट आणायची झाली, तर अडचण पैशाची नाही. द्राक्षाला एखाद्या हंगामात भाव लागला आणि गारपिटीने कृपा करून दुसऱ्या तालुक्याची वाट धरली, तर दिंडोरी तालुक्यात काय विकत घेतलं जाईल याचा नेम नाही. अडचण भूगोलाची आहे. अरबी समुद्र पश्चिमेला सरळ रेषेत जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे खरा. पण मध्ये सह्याद्री आहे आणि आपण त्याच्या नको त्या अंगाला बसलो आहोत. इथल्या शिवारात पडलेला पाऊस त्या जवळच्या समुद्राकडे ढुंकूनही पाहत नाही. तो कादवेला जातो, कादवा नांदूरमधमेश्वरजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी 1465 किलोमीटरची पायपीट करून बंगालच्या उपसागराला. म्हणजे मुंबईत घेतलेली यॉट पाण्यावाटेच घरी न्यायची, असा कुणी हट्ट धरलाच, तर तिला कन्याकुमारीला वळसा घालून आंध्रच्या किनाऱ्याला लागावं लागेल आणि तिथून गोदावरीत शिरून उलटं वर चढावं लागेल. वाटेत धवळेश्वरमचा बंधारा, पैठणचं जायकवाडी, नांदूरमधमेश्वर असे एकेक दार लावून बसलेले. एवढं करून ती एप्रिलमध्ये पोचली, तर कादवेच्या पात्रात तरंगणार कशावर, हा अर्ज पाटबंधारे खात्याकडे द्यावा लागेल, आणि आवर्तन सुटेपर्यंत त्याचं उत्तर येणार नाही.

तेव्हा यॉट राहू द्या. पण नवं, महागडं, कर्ज काढून घेतलेलं डिझेलचं यंत्र पहिल्यांदा घरी न्यायचं कसं, हा प्रश्न वणीला मुळीच परका नाही. दसरा, पाडवा, अक्षय्यतृतीया आली की नाशिकहून किंवा पिंपळगावहून नवे ट्रॅक्टर माळा घालून येतातच. आणि वरवर दिसतं तेवढं हे यॉटहून वेगळं प्रकरण नाही. दोघांचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण पन्नास तासांनी, आणि बोटीच्या इंजिनवाल्यांच्या तोंडीही बऱ्याचदा हाच आकडा असतो. दोघांच्या डिझेलच्या नळीत हवा शिरली की दोघंही सारखेच हटून बसतात आणि ‘एअर काढल्याशिवाय’ हलत नाहीत. जहाजाला तळाशी वजन लागतं, तसं ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतात, चांगलं तीन चतुर्थांश. दुष्काळी वर्षात काही विहिरींपेक्षा त्या टायरांत जास्त पाणी असतं, हा भाग निराळा.

अशा पहिल्या प्रवासाची तयारी दोन प्रकारची असते. एक यंत्राची: ऑइलची पातळी, रेडिएटरचं पाणी, टायरची हवा, चाकांचे नट, दिवे, डिझेल. शोरूममधून निघालेल्या गाडीच्या टाकीत जेमतेम जवळच्या पंपापर्यंत पोचेल एवढंच डिझेल असतं, हे सांगायला पंचांग लागत नाही. दुसरी तयारी माणसांची: हार, नारळ, हळद-कुंकू, बोनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, पेढे, काळी बाहुली, ‘सप्तशृंगी माता प्रसन्न’ आणि फोटोसाठी पुठ्ठ्याची हातभर किल्ली. शिकलेला माणूस पहिलीला तयारी म्हणतो आणि दुसरीला हौस. माझं म्हणणं उलट आहे. पहिल्या प्रवासात यंत्राचा धोका त्या मानाने थोडा; ते कारखान्यातून तपासून आलेलं असतं. खरा धोका घेणाऱ्याच्या घाईचा. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं, हप्ता आजपासून सुरू झाला, गावात सगळे वाट बघताहेत, मग थांबायचं कशाला? या घाईला वेसण घालणारी आजवरची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे पूजा.

चाकाखालचं लिंबूच घ्या. त्याने दृष्ट उतरते की नाही, यावर मी बोलणार नाही. पण ते ठेवायला कुणाला तरी गाडीभोवती पूर्ण फेरी मारावी लागते आणि प्रत्येक चाकापाशी वाकावं लागतं. टायर बसलेला असेल, खाली तेलाचा थेंब पडला असेल, पोरगं मागच्या चाकाला टेकून उभं असेल, तर ते त्या वाकलेल्या माणसालाच दिसतं. सीटवर बसलेल्याला दिसत नाही. मग सगळ्यांना बाजूला व्हायला सांगतात. मग चालवणारा पहिला गिअर टाकून क्लच इतका हळू सोडतो की एरवी त्याच्या बापाने सांगून सोडला नसता, कारण लिंबं नीट चिरडली गेली पाहिजेत आणि चौदा मोबाइल त्याच्यावर रोखलेले असतात. सुरक्षिततेवरची चार व्याख्यानं जे करू शकत नाहीत, ते बाजारातल्या चार लिंबांनी होतं.

समुद्रावरची माणसंही हे जाणून आहेत. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कायद्याचं कारण माशांची वीण आणि खवळलेला समुद्र. पण त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढल्या जातात, फटी बुजवल्या जातात, रंग लागतो, जाळी विणली जातात. आणि समुद्राला नारळ वाहायचा सण नारळी पौर्णिमा, तो यायचा श्रावणात. कायदा नव्हता तेव्हाही त्या नारळाआधी समुद्रात जायचं नाही, ही रीत होती. म्हणजे दुरुस्तीला लागणारा वेळ मालकाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता, तिथीवर सोडलेला होता. मालकाला पटवता येतं, तिथीला येत नाही.

देवाधर्माचा भाग बाजूला ठेवला तरी हिशेब तोच निघतो. गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका 2009च्या फेब्रुवारीत नौदलाच्या ताफ्यात आली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले ते त्याच वर्षी 19 ऑगस्टला, आणि 22 मे 2010ला परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. मधल्या सहा महिन्यांकडे मात्र कुणी फार पाहत नाही. नवी कोरी नौका, सगळ्या देशाची उत्सुकता, आणि तरी माणूस सहा महिने तिची ओळख करून घेत राहतो. आपल्याकडे नवरीलासुद्धा इतका अवधी देत नाहीत.

उलट बाजूचं उदाहरण स्टॉकहोमला संग्रहालयात जपून ठेवलं आहे. ‘वासा’ ही स्वीडनच्या राजाची युद्धनौका 10 ऑगस्ट 1628ला पहिल्या प्रवासाला निघाली आणि बंदरातच, दीड किलोमीटरही न जाता, वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाली. तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यांतून पाणी शिरलं. नौका वरून जड आणि तळाशी हलकी होती. विशेष म्हणजे हे आधी कळलेलं होतं. तीस खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून चाचणी घेतली, तेव्हा नौका इतकी डोलू लागली की तीन फेऱ्यांतच ती थांबवली. चाचणी थांबवली, प्रवास थांबवला नाही. राजा दूर लढाईवर होता आणि नौका कधी निघणार म्हणून विचारत होता. त्या बंदरात एखादी आजी उभी राहून ‘आज अमावास्या आहे, उद्या बघू’ म्हणाली असती, तर निदान पुन्हा विचार करायला रात्र मिळाली असती. तपासणी होणं आणि तपासणीचं ऐकणं यांत अंतर असतं, आणि आपल्याकडे ते अंतर बऱ्याचदा आजी भरून काढते.

यावर अंधश्रद्धा निर्मूलनवाला मित्र म्हणेल, थांबायचंच असेल तर लिंबू कशाला, छापील यादी वाचा की. मुद्दा बिनतोड आहे. फक्त ती यादी आज कुठे आहे ते बघा. ती माहितीपुस्तिकेत असते, पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टूलबॉक्समध्ये, आणि ट्रॅक्टर सेकंडहँड विकला जातो तेव्हा पिशवी न फोडलेली असते. शोरूमचा पोरगा ‘हे बघा काका, हा पीटीओ, ही लिफ्ट’ म्हणत वीस मिनिटं मनापासून समजावतो, पण तेव्हा काका पेढ्यांचा हिशेब करत असतात. न वाचलेली यादी लिंबापेक्षा शास्त्रीय आहे, हे मान्य. पण लिंबू विसरलेला माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मला मान्यच आहे: पूजेमुळे नुकसानही होतं. जहाजाच्या नाळेवर बाटली फोडतात, कारण नाळ पोलादाची असते. ट्रॅक्टरचं बोनेट पातळ पत्र्याचं असतं आणि त्यावर नारळ आपटणाऱ्या मेव्हण्याला भक्त म्हणता येत नाही. झेंडूचे चार-चार हार पुढच्या जाळीवर घातले की इंजिनाला हवा मिळत नाही, आणि पाकळ्या पुढे कित्येक दिवस रेडिएटरमधून निघत राहतात. नारळ रस्त्याकडेच्या दगडावर फोडावा, हार एक घालावा आणि घराचा रस्ता धरण्याआधी काढून घ्यावा. सप्तशृंगी गडाचंही तसंच. पुष्कळांना नवी गाडी शोरूममधून थेट नांदुरीचा घाट चढवून देवीपुढे उभी करायची असते. नव्या इंजिनावर सुरुवातीला ताण देऊ नका, असं कंपनी सांगते. घाट म्हणजे ताणच, आणि वर मागे लागलेल्या एसटीच्या ड्रायव्हरचाही ताण. द्राक्षबागेत फवारणी सुरू झाली की पन्नास तास बघता बघता भरतात. पहिली सर्व्हिस करून मग गडावर जावं. अठरा हातांच्या देवीला तुमच्या एका हाराची घाई नाही.

पण पूजा एका ठिकाणी खरोखर तोकडी पडते. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं डावं आणि उजव्याचं उजवं. बागेच्या टोकाला कमी जागेत वळताना एकच दाबतात, म्हणून ती सुटी ठेवलेली असतात. रस्त्यावर मात्र ती पट्टीने एकत्र जोडायची असतात. जोडली नाहीत आणि वेगात एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर थांबत नाही, एका बाजूला फिरतो. नाशिकहून वणी चाळीसेक किलोमीटर, मध्ये दिंडोरीचा बाजार, टोमॅटोच्या पिकअप आणि उलट्या बाजूने येणारे इतर भाविक. हे लिंबाला कळत नाही, नारळाला कळत नाही, गुरुजींनाही कळत नाही.

म्हणून विधी बदलू नका, त्यात एकच भर घाला. किल्ली मालकाच्या खिशात न ठेवता आरतीच्या तबकात ठेवा, आणि ओवाळणाऱ्या बाईने ती सहजासहजी देऊ नये. ऑइलची पट्टी बघितली का, पाणी बघितलं का, हवा, नट, डिझेल, एवढं तिने विचारावं आणि उत्तर येईपर्यंत तबक मागे घ्यावं. लग्नात जोडे लपवून पैसे उकळणाऱ्या घराला हे अवघड नाही. आणि शेवटी, लिंबावरून चाक जाण्याआधी, खाली वाकून दोन्ही ब्रेकची पेडलं पट्टीने जोडलेली आहेत का ते बघायला लावावं. ती पट्टी शोरूममध्ये बऱ्याचदा सुटीच असते.