पुडी कोणाच्या वरणात?

‘न सांगता दारू सोडवा.’ ऑटोच्या मागे हे वाचून नागपूरच्या बर्डीतल्या एका मामांनी पुडी आणली. स्वतःसाठी आणायला ते काय वेडे आहेत? त्यांची रोजची क्वार्टर म्हणजे शिणावरचा उतारा. पुडी भाचीसाठी. भाचीने घरात सांगितलं, माझं एका मुलीवर प्रेम आहे. मामा म्हणाले, “पेल्याशिवाय कोणती पोट्टी असं बोलते बे?”

झालं. तेव्हापासून भाचीच्या वरणात पुडी. पोरगी पोह्यांवर तर्रीसुद्धा कमी घेते, पण निदान झालेलं आहे. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातले साधारण १९ टक्के पुरुष पिणारे निघाले, बाया जेमतेम १ टक्का. मामांच्या घरचा हिशेबही तोच, वाटी तेवढी चुकली. पुडीत काय आहे, ते पुडीवर लिहिलेलं नाही. दारूशी अजिबात न जमणारं डायसल्फिराम असलं आणि भाचीचं वरण मामांनी ओरपून वर क्वार्टर मारली, तर ॲम्ब्युलन्सच बोलवावी लागेल.

पुडीने गुण येईना, तेव्हा दुसरा इलाज: लग्न. पोरगा पितो? लग्न करून द्या, सुधरेल. पोरीला पोरगी आवडते? लग्न करून द्या, सुधरेल. औषध एक, म्हणजे रोगही एकच, असं मामांचं तर्कशास्त्र. मग गल्लीतला एखादा बेवडा आणि ही भाची यांचं जमवलं की एका मांडवात दोन रोगी बरे, हॉलचं भाडं एकच, आणि वरातीत नाचणारे झाडून सगळे पिऊन आलेले. त्यांच्या वरणात कोणी काही कालवत नाही. पाच वर्षांनी ती पोरगी दार लावून खरंच प्यायला लागली, की हेच मामा टाळी मागणार: “म्हणलं होतं ना, ह्या बाया पेतातच!”

अहो, पाजली कोणी? अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत लेस्बियन आणि त्याहून अधिक बायसेक्शुअल बायांमध्ये अतिमद्यपान इतर बायांपेक्षा जास्त आढळतं, हे खरं. सतत लपून जगणं, घरच्यांची हेटाळणी, ही कारणंही त्याच अभ्यासांत आहेत. मामा पहिलं वाक्य तोंडपाठ करतात. दुसऱ्याच्या वेळी त्यांचा चष्मा सापडत नाही. आणि अशा बाईने मदत मागायला जावं कुठे? दारातच पहिला प्रश्न: नवरा काय करतो?

समलैंगिकता आजारांच्या जागतिक यादीतून १९९० सालीच निघाली. दारूचं व्यसन त्या यादीत अजून आहे. मामा, ती पुडी नालीत टाका आणि डॉक्टरकडे नंबर लावा. तुमच्या नावाने.