करपलेल्या फायली

“सिस्टम फाइल करप्ट झाल्यात बहुतेक,” मी फोनवर भाच्याला सांगत होतो. त्याच्याआधी उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून. “करपल्या? मग आता ढवळू नकोस. वरचं वर काढून घे.”

आईला हल्ली कमी ऐकू येतं. पण जेवढं येतं तेवढ्यावर तोडगा सांगितल्याशिवाय ती राहत नाही. मी हसू दाबलं, तर पलीकडून भाचा म्हणाला, “मामा, आजी बरोबर सांगतेय. आधी तुला हवं ते बाहेर काढून घे, मग दुरुस्ती. डिस्क म्हातारी आहे. ढवळायला गेलास तर आहे तेही जाईल.”

डिस्कच कशाला, सगळा संचच म्हातारा. २००५ साली हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर. एक्सपी, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्डडिस्क आणि अर्धं टेबल अडवणारा मॉनिटर, ज्याच्या उबेला पूर्वी मांजर झोपायचं. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली. आमच्याकडे त्या दिवशी काहीच झालं नाही. कॉम्प्युटरला कुणी कळवलं नसावं. तो आपला घुरघुरत सुरू होत राहिला. परवा मात्र एक चौकट आली : अमुक डीएलएल सापडत नाही. मी ओके दाबलं. दुसरी आली, तिलाही ओके. काहीच ओके नव्हतं, पण चौकटीत दुसरं बटणच नव्हतं.

हे डबडं भंगारवाल्याला का देत नाही, हा प्रश्न घरात दर दिवाळीच्या साफसफाईला निघतो. कारण एवढंच, की २००६च्या उन्हाळ्यात आईने जात्यावरच्या ओव्या सांगितल्या आणि मी त्या यावर टाइप केल्या. १४० भरल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, पण त्यांची वाट आमच्या दारावरून गेली नाही. तेव्हा आईच्या ओव्या होत्या त्या इथेच, आणि त्याही जुन्या फॉन्टात. युनिकोड तेव्हा आला होता, आमच्यापर्यंत पोचला नव्हता. कॉम्प्युटरच्या पाठीमागे २५ पिनांच्या पोर्टला एक डोंगल लावायचं. ते काढलं की मराठी बंद. बरं, ती मराठी तरी कसली, सोंगच. पडद्यावर ‘ळ’ दिसला तरी आत भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह बसलेलं. ती फाइल लॅपटॉपवर उघडली की सोंग उतरतं, आणि डोक्यावर टिंबं-टोप्या घातलेली परकी अक्षरं रांगेने उभी राहतात. आईची सासुरवाशीण त्यात कुठे आहे, ते ओळखून दाखवा.

“सुरू होताना एफ८ मार,” भाचा म्हणाला.

कॉम्प्युटरच्या मराठीत सगळं मारायचंच असतं. एंटर मारायचा, क्लिक मारायचं, स्पेस मारायची. आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे तर सगळ्या दुखण्यांवर एकच मार : “फॉरमॅट मारू.” उलट बिघाडाची क्रियापदं बघा, किती हळवी. विंडोज ‘उडते’, हार्डडिस्क ‘जाते’. “गेली हो.” “अरेरे, कधी?” “परवा रात्री. लाइट गेली, आणि तिच्याबरोबर...” पुढे बोलवत नाही.

एफ८ मारल्यावर सेफ मोड मिळाला. काळा पडदा, चारी कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ लिहिलेलं, चित्रं मोठी मोठी. आजाऱ्याचा मऊ भात तो. नुसतं मीठ घालून. तेवढ्यावर ओव्यांची फाइल पेनड्राइव्हवर आली, पाठोपाठ फॉन्टचीही. फॉन्ट बरोबर असला की दुसरीकडेही अक्षरं आपलं सोंग नीट वठवतात, हे भाच्याने सांगितलं म्हणून कळलं. दोन्ही मिळून मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षा लहान. वीस वर्षं एवढ्यासाठी मी अर्धं टेबल अडवून बसलो होतो.

“आता ढवळ,” भाचा म्हणाला.

पुन्हा नेहमीसारखं सुरू करून ‘रन’मध्ये लिहायचं : एसएफसी, मग स्पेस, मग तिरपी रेघ, लगेच स्कॅननाउ. माझी स्पेस दोनदा राहिली. तिसऱ्यांदा एक छोटी खिडकी उघडली आणि तिच्यातली पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. एक्सपीने आपल्या महत्त्वाच्या फायलींच्या प्रती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये, डीएलएल कॅशेमध्ये, जपून ठेवलेल्या असतात. वापरातली फाइल बदललेली दिसली की तिथली प्रत काढून तिच्या जागी बसवायची. तिथलीही धड नसेल तर घरमालकाकडे मूळ सीडी मागायची.

माझ्याकडे मागितली.

विंडोजची सीडी आरतीसंग्रहाच्या डबीत निघाली. (आरत्या कुठे आहेत, ते गणपतीत बघू.) सीडीचा ट्रे उघडेना. पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन खुपसल्यावर त्याने जीभ बाहेर काढली. सीडी बनियनला पुसून आत घातली. पुन्हा तीच मागणी : सीडी घाला. काढली, पुसली, घातली. चौथ्या खेपेला त्याला पटलं.

पट्टी सरकत होती आणि मला नाथमहाराज आठवत होते. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तीनशे वर्षं तिच्या नकला होत गेल्या. नकलेत चुका शिरल्या, कुणाकुणाच्या हौशी ओव्याही शिरल्या. मग शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि वर दम भरला, की यात जो आपल्या पदरची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. त्यांच्या हाती लपवलेला फोल्डर नव्हता, आळंदीहून आलेली सीडीही नव्हती. खोटी ओवी ओळखायची ती कानाने. आमचं यंत्र अर्थ-बिर्थ काही पाहत नाही. त्याला फाइल मूळची आहे की नाही, एवढंच कळतं. सुंदर आहे का, हे विचारायची सोय नाही. नाथांना मात्र तेही दिसत असणार. घुसडलेली एखादी ओवी चांगली निघाली असेल, तेव्हा त्यांनी काय केलं असेल?

पाऊण तासाने पट्टी भरली आणि खिडकी नाहीशी झाली. झालं, नाही झालं, किती बदललं, एक अक्षर नाही. एक्सपीतलं हे एसएफसी असंच. जुन्या वैद्यासारखं नाडी बघून मुकाट उठून जातं. रिस्टार्ट मारलं. एकही चौकट आली नाही.

“गेला का वास?” आईने विचारलं.

तिला जवळ बसवून फाइल उघडली आणि ओव्या मोठ्याने वाचायला लागलो. पहिल्या दहा-बाराला ती मान हलवत होती. मधेच एखादा शब्द माझ्याआधी म्हणून टाकत होती. सतराव्या ओवीला मान थांबली.

“ही माझी नव्हे.”

“तूच सांगितलेली.”

“मी? जात्यावर बसून असलं गुळगुळीत कोण म्हणेल? दळताना दम लागतो रे. परत वाच.”

परत वाचली. २००६मध्ये त्या ओवीचा दुसरा चरण तिला आठवत नव्हता. रिकामी जागा बरी दिसत नव्हती, म्हणून एका रात्री मी तो स्वतःच जुळवला होता. तेव्हा मला तो फार चांगला वाटला होता. खरं तर अजूनही वाटतो.

“कुणी घातलं हे?” आईने चष्म्यावरून बघत विचारलं.

मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. “करपली असेल,” म्हणालो.