मंद वाचकांसाठी आचारसंहिता

ज्यांच्या उशाशी चार अर्धवट कादंबऱ्या आहेत आणि बोट पाचवीत अडकलेलं आहे, त्यांनीच ही मार्गदर्शिका वाचावी. एका बैठकीत कादंबरी संपवणाऱ्यांनी कृपया पान उलटावं. तसंही ते उलटतीलच.

आधी निवड. एकाच घराण्यातल्या दोन कादंबऱ्या एका वेळी उघडू नयेत. नेमाड्यांच्या बाबतीत तर हा नियम कडक पाळावा. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर, ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंत चार पुस्तकं पुरलेला चांगदेव पाटील आणि ‘हिंदू’तला खंडेराव, तिघेही शिकलेले, तिघेही वैतागलेले. मंद वाचकाच्या डोक्यात तिघं एकाच खोलीत राहायला येतात आणि भाडं कोण भरतो ते कळेनासं होतं. त्यापेक्षा एक पौराणिक, एक धरणाची, एक मुंबईची आणि एक बारकी अशी जुळणी करावी: ‘मृत्युंजय’, ‘झाडाझडती’, ‘सात सक्कं त्रेचाळीस’, ‘बनगरवाडी’. कर्ण चुकूनही बनगरवाडीत शिरत नाही.

‘मृत्युंजय’बाबत मात्र वेगळी ताकीद. तिथे कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीने बोलतात. महिन्याभराने पुस्तक उघडलंत तर कोण बोलतंय ते आधी पाहावं. नाहीतर कुंतीचं दुःख दुर्योधनाच्या खात्यात जमा होतं.

थांबायचं कुठे, हे कोणी शिकवत नाही. लोक प्रकरण संपवून दिवा मालवतात, तिथेच घात होतो. माणूस दारात उभा आहे, कडी वाजवणार आहे, तिथे पुस्तक मिटावं. पंधरा दिवसांनी परत गेलात तरी तो तिथेच उभा असतो. प्रकरणाच्या शेवटी सोडलेली माणसं पांगतात, मग त्यांना हुडकण्यात दोन रात्री जातात. शिवाय शेवटच्या कोऱ्या पानावर कोण कोणाचा कोण, ते पेन्सिलीने लिहून ठेवावं. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर.

खुणेसाठी एसटीचं तिकीट वापरू नये. हल्लीच्या मशीनच्या तिकिटावरची अक्षरं आपल्या उन्हात उडून जातात आणि आपण कुठल्या प्रवासात कुठवर आलो होतो, हा पुरावाच नष्ट होतो. तेंदूचं पान वाळून चुरा होतं. बांबूची पातळ तासलेली कामटी सर्वोत्तम. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याशी सोयरीक करू नये.

पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नयेत. वाळवी आपल्यापेक्षा वेगाने वाचते आणि तिला चार कादंबऱ्या एका वेळी जमतात.

प्रवासासाठी बारकी कादंबरीच न्यावी. गडचिरोलीहून अहेरीला निघालात तर चामोर्शीपर्यंत वाचन होतं. आष्टीच्या पुढे लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्याचं जे केलं आहे, त्यात एकच ओळ तीनदा वाचून होते आणि तिन्ही वेळा वेगळी लागते. तिथे पुस्तक मिटून साग पाहावेत. रेल्वेत वाचायची चैन चंद्रपूरकरांनी करावी. त्यांना बल्लारपूर-गोंदिया गाडी आहे, मूल, सिंदेवाही, नागभीड करत जाणारी. गडचिरोलीकरांनी त्यासाठी आधी वडसा गाठावं.

आता पंचांग. दिवाळीपासून होळीपर्यंत वाचन बंद. त्या काळात मंडई असते, शंकरपट असतो आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. वडशाच्या मंडळ्या तंबू ठोकतात, नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडल्यावर संपतं. तुमचं लक्ष टिकत नाही म्हणून कादंबऱ्या अर्धवट राहतात, असं म्हणणाऱ्याला एकदा नवरगावला न्यावं. चादर गुंडाळून अख्खी रात्र पापणी न मिटता बसलेली माणसं त्याला दाखवावीत. लक्ष आमचं उत्तम आहे, फक्त ते दुसरीकडे आहे.

मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी कूलरसमोर पुस्तक धरलं की पानं आपोआप उलटतात. त्याला प्रगती समजू नये.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो आणि भामरागडचा रस्ता तुटतो. तिकडे जाणाऱ्याने जाड कादंबरी सोबत न्यावी, असं मी इथे लिहिणारच होतो. पण दवाखान्याला निघालेल्या बाईला पलीकडे नेता येत नाही, तेव्हा जाड कादंबरीचा विनोद करणं बरं दिसत नाही. त्या भागात न्यायचीच तर विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ न्यावी. ती हेमलकशाच्या परिसरातल्या माडिया माणसांची गोष्ट आहे. तिथे ती हळूच वाचून होते, कारण दर पानाला मान वर करून पाहावं लागतं.

घाई असेल त्याने कथा वाचाव्यात. १९७९ साली चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद कथाकार वामन चोरघड्यांकडेच होतं.

सर्वांत कठीण प्रकरण म्हणजे शीघ्रवाचक. माझ्याकडे तो मेहुण्याच्या रूपात येतो, नागपूरहून, शनिवारी.

“काजी भाऊजी, ‘हिंदू’ झाली का नाही? मी तर दोन दिवसांत झटकली.”

अशा वेळी चहा पुढे करून शांतपणे विचारावं, “खंडेराव गावाकडे काऊन निघते जी?”

“ते... मधात कुठंतरी हाये ना.”

मधात नाही. बाप आजारी असल्याचा निरोप सुरुवातीलाच येतो. पण हे त्याला सांगू नये, दुसरा चहा द्यावा.

वेगाचा हा माज अलीकडचा आहे. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात तुकड्यातुकड्याने छापली. ते साप्ताहिक १८९० साली सुरू झालं. दर आठवड्याला थोडीशी कादंबरी मिळायची आणि मराठी वाचक तेवढ्यावर सुखात होता. पुढे त्याच हरिभाऊंच्या ‘आजच’, ‘कर्मयोग’ अपुऱ्याच राहिल्या. लेखकाने सोडली तर ती अपूर्ण साहित्यकृती, वाचकाने सोडली तर आळस! आणि धरणग्रस्तांवरची ‘झाडाझडती’ अर्धी ठेवल्याबद्दल मला बोलणाऱ्यांनी जरा वैनगंगेकडे पाहावं. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ सालचं. कादंबरी त्यानंतर तीन वर्षांनी, १९९१ साली आली. आता दोघांत आधी पूर्ण कोण होतं, ते बघू.

एक विनंती. माझी ती ‘झाडाझडती’ गेल्या रोवण्याच्या आधी कोणीतरी वाचायला नेली आहे. त्याने ती खुशाल पूर्ण करून आणावी, शेवट मात्र सांगू नये, आणि आतली बांबूची कामटी आहे त्याच पानात राहू द्यावी.