सग्वारोला हात किती?

वाळवंटात पाणी आणणाऱ्या माणसावर ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतलेला लेखक सहसा थंड खोलीत बसतो. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये तर त्याला दुसरा इलाजच नसतो. या शहरात 26 जून 1990 रोजी पारा 50 अंश सेल्सियसवर गेला होता आणि एरवीही उन्हाळ्यातल्या दुपारी तो चाळिशीच्या खाली यायला फारसा राजी नसतो. त्यामुळे ‘ऊन नुसतं भाजून काढत होतं’ हे वाक्य लिहिताना लेखकाच्या अंगावर शाल असते.

नायक म्हणून नजर जाते ती जॅक स्विलिंगवर, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकन यादवीत आधी दक्षिणेकडून लढलेला, मग उत्तरेच्या सैन्याची कामं केलेला, सोनं शोधत हिंडलेला, दारूत मुरलेला, शिवाय डोक्याच्या जुन्या दुखापतीपायी मॉर्फिन घेणारा असा हा गडी. 1867 साली त्याने विकेनबर्ग या खाणगावात कालव्याची कंपनी काढली, सॉल्ट नदीचं पाणी वळवलं आणि पुढच्या वर्षी शेतं हिरवी झाली. तेवढ्या अवधीत कादंबरीकाराचं नायकाच्या टोपीवरचं संशोधनही पुरं होत नाही.

संशोधनाचा पहिला फटका बसतो तो नायकाच्या पहिलेपणालाच. स्विलिंगच्या कितीतरी शतकं आधी होहोकाम लोकांनी याच खोऱ्यात शेकडो मैलांचे कालवे खणले होते. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते ओस पडले, आणि स्विलिंगच्या माणसांनी त्या जुन्या चरांचा चांगलाच फायदा उठवला. जुन्या वस्तीच्या राखेतून नवं गाव उठेल म्हणून डॅरेल डप्पा नावाच्या एकाने फिनिक्स हे नाव सुचवलं, असं सांगतात. त्याआधी वस्तीला पम्पकिनव्हिल असंही म्हणत. ते नाव टिकलं असतं तर कादंबरीचं शीर्षक भोपळ्यावरून ठेवावं लागलं असतं, आणि भोपळ्यावर गंभीर ऐतिहासिक कादंबरी खपत नाही.

खरा छळ मांडतात त्या वनस्पती. वाळवंटाची कथा म्हटली की ओसाड रस्त्यावरून वाळक्या काटेरी झुडपाचा गोळा गडगडत जायलाच हवा. सिनेमाने ती सवय लावून ठेवली आहे. पण हे झुडूप मूळचं रशियाकडचं. ते जवसाच्या बियाण्यात मिसळून 1870च्या दशकात दक्षिण डकोटात उतरलं. म्हणजे 1867च्या ॲरिझोनात त्याला गडगडायची मुभा नाही. लेखक जड अंतःकरणाने ते खोडतो आणि हस्तलिखित वाचणारे मित्र एकमुखाने विचारतात, “ते गडगडणारं कुठे गेलं?”

सग्वारो निवडुंगाचं प्रकरण याहून नाजूक. त्याला बाजूचे हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात आणि पहिल्या सात-आठ वर्षांत तो जेमतेम बोटाच्या पेराएवढा होतो. लेखक खिडकीतून दिसणाऱ्या भरघोस सग्वारोचं वर्णन उतरवतो, नायकाला त्याला टेकवून विचारमग्न वगैरे बसवतो, आणि मग हिशेब करतो. 1867 साली हा निवडुंग बहुधा रुजलाही नव्हता. रुजला असलाच तर नायकाच्या बुटाखाली आला असता. प्रसंग बदलत नाही, फक्त झाड निनावी होतं.

घरच्यांचा या कादंबरीतला वाटा प्रस्तावनेतल्या आभारांच्या ओळीत मावत नाही. भाजलेली कॉफी पाकिटातून सर्रास मिळू लागण्याआधी सरहद्दीवरची माणसं हिरवे दाणे लोखंडी तव्यावर भाजत. वास कसा येतो ते कळलं पाहिजे म्हणून कादंबरीकार स्वयंपाकघराचा ताबा घेतो. दाणे आधी पिवळे पडतात, मग तडतडतात, मग त्यांची सालं उडून शेगडीभर पसरतात. त्याच सुमाराला छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागतो. एवढ्या खटाटोपातून हाती लागतं ते अर्धं वाक्य, आणि संपादक तेही कापतो.

संपादकाचा खरा राग असतो तो शेवटच्या भागावर. 1878 साली स्विलिंग आपल्या मारल्या गेलेल्या मित्राच्या अस्थी आणायला डोंगरात गेला. तेवढ्यात विकेनबर्गजवळ घोडागाडी लुटली गेली. दारूच्या नशेत त्याने त्या लुटीवरून काहीतरी थट्टा केली, ती अंगाशी आली आणि तो पकडला गेला. निर्दोष असल्याचं तो कोठडीतून लिहीत राहिला आणि त्याच वर्षी 12 ऑगस्टला युमाच्या तुरुंगात मरण पावला. समासात संपादकाचा शेरा: ‘योगायोग फार. पटत नाही.’ बाकीची कादंबरी, म्हणजे लेखकाने पदरची घातलेली, त्याला तंतोतंत ऐतिहासिक वाटलेली असते.

यानंतर हस्तलिखित प्रकाशनसंस्थेच्या परीक्षकाकडे जातं. परीक्षक सहसा चाणाक्ष असतात. स्विलिंगची बायको त्रिनिदाद एस्कलांते हिने 1864 साली तुसॉनमध्ये त्याच्याशी लग्न केलं, वाळवंटात मुलं वाढवली, त्याच्या मागे दुसरं लग्न केलं आणि 1925पर्यंत जगून जुन्या दिवसांच्या आठवणीही सांगितल्या. लेखकाने तिला तीन ठिकाणी भाकरी वाढायला उभी केलेली असते. परीक्षक लिहितात की कथा उत्तम आहे, फक्त ती तिच्या तोंडून यायला हवी. लेखक दोन दिवस कोणाशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी तो नवी फाईल उघडतो आणि 1864 सालच्या तुसॉनमध्ये नववधूच्या पायांत काय असे, याची चौकशी सुरू करतो.