सुलतान बाजार ते आल्प्स, मार्गे चेवेल्ला

म्युनिकचा भाचा दर उन्हाळ्यात आल्प्समधल्या सायकलफेरीचा व्हिडिओ पाठवतो. सुईच्या पानांची गर्द रानं, लाकडी घरांची गावं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि शेवटी ठरलेला प्रश्न, “मामा, तुम्ही कधी येताय?” सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा अशा ठिकाणी मुळं धरलेल्या माझ्यासारख्या सर्व मामांसाठी ही मार्गदर्शिका आहे.

आधी नकाशा. माँ ब्लाँच्या डोंगराभोवतीची फेरी सुमारे १७० किलोमीटरची आणि वाटेत फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश लागतात. आपली फेरी १६०च्या आसपास. हैदराबाद, रंगारेड्डी, विकाराबाद असे तीन जिल्हे लागतात आणि एकाही सीमेवर कुणी पासपोर्ट मागत नाही. जाताना मोइनाबाद, चेवेल्ला, मन्नेगुडा, विकाराबाद, अनंतगिरी. येताना शंकरपल्लीवरून चिलकूर. निघण्याची वेळ पहाटे पाच. साडेपाचला इराणी हॉटेलात चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेतली, तर निघण्याची वेळ साडेसात.

अल्पाइन जंगल अप्पा जंक्शननंतर सुरू होतं. तिथून मन्नेगुड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना नऊशेच्या आसपास वड आहेत. रस्ता रुंद करायचा की वड राखायचे, हा वाद हरित लवादापर्यंत गेला. सायकलस्वाराने निःसंकोच वडाची बाजू घ्यावी. मे महिन्यात ज्याने हा रस्ता चालवला आहे, त्याला दुसरी बाजू असते हेच पटत नाही. (मे महिन्यात चालवू नये.) मागून बस येते तेव्हा डांबर सोडून खाली मातीत उतरा. आपल्या फेरीतला सर्वांत तांत्रिक उतार हाच.

आता मातीच्या वाटा. आल्प्समध्ये बर्फ, दरड, वीज अशी भव्य संकटं असतात; आपल्याकडे सराटा असतो. जमिनीलगत पसरलेलं हे वेलवर्गीय सौजन्य फुलं पिवळी दाखवतं आणि टायरमध्ये काटे सोडतं. उरलेलं काम वेडी बाभूळ करते. ट्यूब किमान दोन न्या. पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा, म्हणजे काटा कुठे आहे ते फडकं अडकून कळेल. उत्साहाने बोट फिरवलंत तर तेही कळेल, पण जरा जास्तच स्पष्ट. काटा न काढता नवी ट्यूब घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांपैकी एक रोज आरशात दिसतो.

गावांत भाषेची अडचण येत नाही. तेलुगूत ‘इक्कड’ म्हणजे इथे, आपल्या ‘इकडे’ची सख्खी बहीणच वाटते. ‘दग्गरे’ म्हणजे जवळच; हे उत्तर आलं की अजून आठ किलोमीटर धरा. जोन्न रोट्टे म्हणजे ज्वारीची भाकरी, ती निर्धास्त मागा. कल्लू म्हणजे ताडी, ती उतार संपेपर्यंत मागू नका. घंटावाल्या गाईंच्या जागी कुत्री येतात. त्यांना ‘हाड’ कळत नाही. ‘पो’ म्हणा आणि गिअर बदला.

विकाराबाद आपल्यापैकी बहुतेकांनी रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलेलं असतं, कारण उदगीर-परळीकडची गाडी तिथे फाटा घेते. १९५६पर्यंत तर हा सगळा प्रवास एकाच राज्यात होत असे. सायकलवरून गेलात तर आणखी एक गोष्ट दिसते. हैदराबादचे ते गोलमटोल ग्रॅनाइटचे धोंडे मागे पडतात आणि दख्खनचा काळा दगड सुरू होतो, आपल्या सह्याद्रीचाच. मराठी माणसाची छाती इथे आपोआप भरून येते. ती भावना आहे की चढ, हे नाडी मोजून ठरवावं.

अनंतगिरीचा घाट छोटा आहे. तरीही सायकल हातात धरून चढावा, म्हणजे तो मोठा होतो. रानातल्या वाटांवर शिरण्याआधी वनखात्याच्या माणसाला विचारा. वर अनंतपद्मनाभाचं देऊळ आहे आणि याच डोंगरात मुसी उगम पावते. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, पण १९०८च्या पुरात अर्धं शहर धुऊन नेणारी आणि आज पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायला लावणारी ही बाई माहेरी किती अल्लड आहे, ते एकदा पाहाच. त्या पुरानंतर तिला अडवायला बांधलेला १९२०चा उस्मानसागर, म्हणजे आपलं गंडीपेट, परतीच्या वाटेवर भेटतो.

त्याच्याच काठाला चिलकूरचा बालाजी, व्हिसाचा देव म्हणून प्रसिद्ध. भाच्याचं बोलावणं खरंच मनावर घ्यायचं असेल तर इथे थांबा. नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा, व्हिसा मिळाल्यावर १०८. सायकल बाहेर लावून कुलूप घाला. फेऱ्या पायीच घालायच्या असतात.